स्वमग्न मुलाचा पहिलीचा प्रवेश : बेळगाव भागात सुरुवात कोठून करावी?

उचगावकरीण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षे मी येथे केवळ वाचक म्हणून वावरले. आज प्रथमच लिहीत आहे, त्यामुळे लेखन लांबल्यास सांभाळून घ्यावे.

माझा मुलगा येत्या मे महिन्यात सहा वर्षांचा होईल. तीन वर्षांचा असताना त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले. नावाने हाक मारली तर तो वळून पाहत नसे, म्हणून आम्हाला आधी कानाची शंका आली होती. परंतु स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा पहिला आवाज होताच तो परसातून धावत येई, तेव्हा कान शाबूत आहेत हे सासूबाईंनी डॉक्टरांच्या आधी ओळखले. आज तो साठ-सत्तर शब्द बोलतो, शंभरपर्यंतचे आकडे वाचतो, बसच्या पाट्या ओळखतो. पाणी हवे असले तर मात्र तोंडाने मागत नाही, माझा हात धरून मला माठाकडे नेतो.

शहरातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तो दोन वर्षे बालवर्गात होता. मागील आठवड्यात आम्हाला बोलावून सांगण्यात आले की, पुढील वर्षी एक तर त्याला दुसरीकडे न्यावे, नाहीतर मी स्वतः दिवसभर त्याच्याबरोबर वर्गात बसावे. हे सर्व तोंडी झाले. चहासुद्धा देण्यात आला.

आता घरात तीन मते आहेत. माझ्या मनात गावातील सरकारी मराठी शाळा आहे. ती घरापासून पाच मिनिटांवर आहे आणि पहिली ते पाचवी मिळून पटावर तीसएक मुले आहेत. यजमान उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. त्यांचे म्हणणे असे की शहरातच दुसरी इंग्रजी शाळा पाहावी आणि पदरचे पैसे घालून सोबतीला एक शिक्षिका ठेवावी. माझ्या माहेरचे लोक कोल्हापूरला आहेत. ते म्हणतात, मुलाला घेऊन इकडे ये, येथे सगळे मराठीतून मिळेल.

सरकारी शाळेत अशा मुलासाठी नेमके काय मिळते, त्यासाठी कोणत्या कार्यालयात, कोणत्या भाषेत, काय घेऊन जावे लागते, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का? दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अजून काढलेले नाही. सासरे नको म्हणतात. "कागदावर एकदा लिहिले की ते कपाळावर लिहिल्यासारखे होते," असे त्यांचे मत आहे.

कुंदा_आणि_मांडे

ताई, बाकीचे जाणकार लिहितीलच. आधी एक काम करा. शाळेने जे तोंडी सांगितले तेच लेखी मागा. "आपण अमुक तारखेला असे सांगितले, कृपया लेखी द्यावे," असा दोन ओळींचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. चहा देणारी माणसे लेखी देताना पुष्कळदा विचार बदलतात.

नंदगडची_आई

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे आणि खानापूर तालुक्यातील सरकारी मराठी शाळेत तिसरीत आहे. आम्ही ज्या क्रमाने गेलो तो क्रम चुकीचा होता, म्हणून योग्य क्रम सांगते.

प्रथम प्रमाणपत्र. सासऱ्यांची भीती मला कळते, माझ्या घरीही तेच झाले. पण त्या कागदाशिवाय शाळेच्या नोंदीत मूल 'विशेष गरजा असलेले' म्हणून चढत नाही आणि नोंद नसली की मागणीच नाही, असा सरळ हिशेब असतो. युडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या देशपातळीवरील ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर स्वतः अर्ज भरता येतो. आधार, फोटो आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो, रुग्णालय निवडावे लागते आणि मग तपासणीची तारीख मिळते. स्वमग्नतेसाठी आयएसएए नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात चाळीस प्रश्न असतात आणि गुण ४० ते २०० पर्यंत. सत्तरच्या खाली स्वमग्नता नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यावर तीव्र. तपासणीला जाताना मूल शहाण्यासारखे वागावे अशी आपली आईची सवय असते, ती त्या दिवशी घरी ठेवून जावी. मी मुलीला आदल्या दिवशी नीट झोपवून, आवडीचा फ्रॉक घालून, खिशात गोळ्या घेऊन गेले. ती अर्धा तास गप्प बसली आणि मी मनात खूश झाले. नंतर लक्षात आले की डॉक्टरांना जे दिसायला हवे होते तेच मी झाकले होते. घरातील प्रसंगांची छोटी चित्रफीत जवळ ठेवा.

दुसरे, गटशिक्षणाधिकारी म्हणजे आपले बीईओ ऑफिस. तेथे बीआरसी म्हणजे तालुक्याचे शिक्षण साधन केंद्र असते आणि समग्र शिक्षा योजनेखाली समावेशित शिक्षणासाठी नेमलेले शिक्षक असतात, त्यांना बीआयईआरटी म्हणतात. मुलाला भेटणे, शाळेतील बाईंना काय करावे ते सांगणे, मूल शाळेत येऊच शकत नसेल तर घरी जाऊन शिकवणे, ही त्यांची कामे. अर्ज त्यांच्या नावे नव्हे, बीईओंच्या नावे द्यावा.

तिसरे, भाषा. मी पहिला अर्ज मराठीत दिला आणि 'स्वमग्नता' असा शब्द लिहिला. समोरच्या कारकुनांनी तो तीनदा वाचला आणि अतिशय आदराने विचारले, "हे ध्यानधारणेचे काही आहे का?" कन्नडमध्ये याला 'स्वलीनते' म्हणतात आणि दिव्यांगाला 'विकलचेतन'. आपल्या कानाला 'विकल' हा शब्द टोचतो, पण सरकारी छापील अर्जात तोच असतो. तेव्हा अर्ज कन्नडमध्ये लिहवून घ्या, खाली मराठी प्रत जोडा. तपासून पाहा की कोणी 'बुद्धिमांद्य' असे तर लिहिले नाही ना. हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच असल्याने सोयीचा म्हणून लिहिला जातो. आमच्या पहिल्या कागदावर तोच पडला होता. तो बदलून घेण्यात सात महिने गेले.

टिळकवाडी१९७४

मी वकील नाही, परंतु भाच्यासाठी हे सर्व वाचावे लागले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहे आणि स्वमग्नता त्यांत स्वतंत्रपणे दिलेली आहे. कलम १६ प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, अशी अपेक्षा आहे. 'आमची शाळा खासगी आहे' हे उत्तर तेथे पुरत नाही, कारण मान्यता सरकारचीच असते. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीनुसार, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ताईंचा मुलगा मे महिन्यात सहा पूर्ण करतो, म्हणजे हे कलम त्याला ऐन प्रवेशाच्या वेळी लागू होते.

शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांविषयी कोणी सल्ला दिला तर सावधपणे घ्यावा. कर्नाटकात २०१९-२० पासून जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेतील त्या जागा मिळत नाहीत.

तक्रारीची वेळ आली तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे ती करता येते.

सीमेवरचा_बाप

टिळकवाडीकरांचे सर्व म्हणणे कायद्याने बरोबर आहे आणि मी त्याच वाटेने गेलो होतो, म्हणून विरोध नोंदवतो.

आमच्या मुलाला एका खासगी शाळेने असेच काढू पाहिले. मी कलमे दाखवली, पत्रे दिली, शेवटी शाळा नमली. मी जिंकलो. त्यानंतर वर्षभर माझा मुलगा त्या वर्गात शेवटच्या बाकावर, खिडकीशी, एकटा बसला. त्याला कोणी रागावले नाही, मारले नाही आणि कोणी त्याच्याशी बोललेही नाही. वर्षाच्या शेवटी त्याच्या वह्या घरी आल्या. सर्व वह्या कोऱ्या होत्या आणि प्रत्येक पानावर तारीख मात्र बाईंच्या हस्ताक्षरात घातलेली होती. पत्रांच्या जोरावर शाळेचे दार उघडते, हे मी मान्य करतो. परंतु ज्या बाईंना हे मूल नको आहे, त्यांच्या हाती ते रोज सहा तास सोपवायचे का, हा निर्णय बापाला स्वतःच घ्यावा लागतो. मी जूनमध्ये त्याला काढून घेतले.

म्हणून ताईंच्या यजमानांना सांगणे आहे की शाळेची इमारत पाहू नका, पहिलीच्या बाई पाहा. सोबतीची शिक्षिका ठेवली तर वर्गातील बाई त्या मुलाकडे पाहणेच सोडून देतात, हेही मी अनुभवले आहे. सोबतीण म्हणजे मग वर्गातच वेगळी भिंत होते.

टिळकवाडी१९७४

आपला अनुभव वाचून वाईट वाटले. तरीही कलमे दाखवू नयेत असे मला म्हणवत नाही. आपण दाखवली नसती तर पुढच्या मुलाच्या वेळी त्या शाळेने चहासुद्धा दिला नसता.

निवृत्त_गुरुजी

मी चौतीस वर्षे सरकारी मराठी शाळांत शिकवले, त्यातील शेवटची अकरा मुख्याध्यापक म्हणून. शाळेच्या बाजूने चार शब्द लिहितो आणि त्यात आमचे दोषही लपवत नाही.

गावच्या लहान शाळेत बहुतेक वेळा दोन शिक्षक पाच इयत्ता सांभाळतात. एक तालुक्याला बैठकीला गेले की दुसऱ्याकडे सगळी शाळा. त्यातच अक्षर दासोहाचे जेवण, क्षीरभाग्यचे दूध, त्याच्या नोंदी. अशा वेळी 'विशेष मूल येत आहे' असे कळले की शिक्षकाच्या मनात पहिला विचार दयेचा नसतो, 'हे पळून गेले तर मी काय करू' असा असतो. पालकांनी पहिल्या भेटीत या एका प्रश्नाचे उत्तर दिले तर अर्धी अढी सुटते. फाटक बंद राहते का, विहीर कोठे आहे, रस्ता किती दूर, मूल घाबरले की कोठे जाऊन बसते, हे सांगा.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले आहे की प्राथमिक पातळीवर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा. प्रत्यक्षात संपूर्ण तालुक्यासाठी मोजकी माणसे असतात आणि ती दुचाकीवरून शाळाशाळांना फिरतात. तेव्हा तो शिक्षक रोज येऊन शिकवील, ही अपेक्षा ठेवू नये. तो वर्गातील बाईंना पद्धत शिकवून जाईल, ही ठेवावी आणि तो आला त्या दिवशी पालकांनी शाळेत हजर राहावे.

आता जमेची बाजू. आपल्या राज्यातील सरकारी शाळांत पहिली ते तिसरीसाठी नलि-कलि ही पद्धत आहे. मुले एकत्र बसतात, प्रत्येक जण आपापल्या पायरीवरील कार्ड उचलतो, चित्राखालचे काम करतो आणि पुढच्या पायरीला जातो. एकाने मागे राहिल्याने दुसऱ्याचे अडत नाही. माझ्या वर्गात एक असा मुलगा होता. निदान तेव्हा कोणी केले नव्हते, आम्ही त्याला 'आपल्याच तंद्रीतला' म्हणत असू. तो फळ्याकडे कधी पाहत नसे, पण कार्डे मात्र क्रमाने लावून ठेवी आणि एखादे हरवले तर तोच शोधून काढी. उलट बाजूही सांगतो. तिन्ही इयत्ता एका खोलीत बोलू लागल्या की बाजार भरतो आणि आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलाला ते सोसवत नाही. त्याच्यासाठी दाराजवळची जागा मागून घ्या, म्हणजे त्याला दोन मिनिटे ओसरीवर जाता येईल.

इंग्रजी शाळा वाईट असे मी म्हणत नाही. घरापासून पाच मिनिटांची वाट आणि तीस मुलांचा पट, या दोन गोष्टी मात्र शहरात पैसे देऊन मिळत नाहीत.

निपाणीकर_बाळासाहेब

गुरुजींना नमस्कार. थोडे वेगळे विचारतो. आमच्या नात्यातील एका मुलासाठी कोणीतरी मूळ पेशींचे (स्टेम सेल) इंजेक्शन सुचवले आहे, काही लाखांचा खर्च सांगतात. त्यामुळे बोलू लागेल असे म्हणतात. कोणाला माहिती आहे का?

वाचा_आणि_भाषा

बाळासाहेब, कृपया तो खर्च करू नका. स्वमग्नतेसाठी मूळ पेशींचा उपचार मान्यताप्राप्त नाही आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच तो करू नये असे स्पष्ट केले आहे. त्या रकमेत मुलाला कित्येक वर्षे वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) मिळतील.

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे; शिक्षण मैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत झाले आणि माहेर शहापूरचे. धाग्यात अजून कोणी भाषेचा प्रश्न नीट काढला नाही, तो मी काढते, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त नुकसान तेथे होते.

माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या आईला कोणी ना कोणी सांगितलेले असते की घरातील मराठी बंद करा आणि मुलाशी केवळ इंग्रजीत बोला, अनेक भाषांनी त्याचा गोंधळ होतो. स्वमग्न मुलांची बोली दोन भाषांमुळे आणखी मागे पडते, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. नुकसान होते ते दुसऱ्या बाजूने. ज्या आजीला इंग्रजी येत नाही ती नातवाशी बोलणेच थांबवते. आई बोलते, पण तुटक, पाठ केलेली वाक्ये बोलते आणि त्या वाक्यांत ना लाड असतात ना राग. जे मूल आधीच माणसांपासून दूर आहे, त्याच्याभोवतीची बोलती माणसे आपण कमी करतो.

म्हणून घरात घराचीच भाषा बोला. ताईंचा मुलगा हात धरून माठाकडे नेतो, तेथेच थांबा. माठापाशी पाण्याच्या पेल्याचे चित्र लावा. त्याने चित्राला हात लावला की "पाणी" म्हणा आणि लगेच पाणी द्या. शब्द मागाहून येईल, न आला तरी मागणे तर आले. तेच चित्र शाळेतही न्या. चित्राला माध्यम नसते, मराठी बाईंनाही कळते आणि कन्नड बोलणाऱ्या स्वयंपाकीण बाईंनाही.

कुंदा_आणि_मांडे

आमचा पुतण्या घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि दूरदर्शनवर हिंदी ऐकतो, पण तोंडातून पहिले पूर्ण वाक्य आले ते "बा इल्लि" (इकडे ये), तेही शेजाऱ्यांच्या कुत्र्याला. कुत्रा आला. सीमाप्रश्नावर बाकीच्यांनी काय बोलावे!

सीमेवरचा_बाप

वाचाताईंचे म्हणणे पटले, पण एक अडचण आहे. २०१५ च्या कायद्यानुसार राज्यातील सर्व शाळांत कन्नड शिकवणे बंधनकारक आहे. म्हणजे मराठी शाळेतही मुलाला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या येणार. बोलण्यातून भाषा कानावर पडणे वेगळे आणि तीन लिप्यांत परीक्षा देणे वेगळे. त्याचे काय करावे?

टिळकवाडी१९७४

याचे उत्तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्याच कलम १७ मध्ये आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट, असे बदल अभ्यासक्रमात आणि परीक्षेत करावेत असे तेथे म्हटले आहे. अर्थात पहिलीत ही सूट लगेच मागण्याची घाई नको. मुलाला कोणती लिपी जवळची वाटते ते आधी पाहावे. माझ्या भाच्याला देवनागरीपेक्षा कन्नड अक्षरे आवडली. गोल आहेत म्हणून असावे.

गडहिंग्लज_ते_संकेश्वर

कोल्हापूरच्या पर्यायाविषयी लिहितो, कारण आम्ही दोन्हीकडे पाय ठेवून पाहिला आणि मध्येच पडलो.

माझे घर संकेश्वरात आणि सासुरवाडी गडहिंग्लजला. मुलाचे उपचार मराठीत व्हावेत म्हणून पत्नी आणि मुलगा दीड वर्ष तिकडे राहिले. युडीआयडी कार्ड देशभर चालते, त्यात शंका नाही. परंतु प्रमाणपत्रासाठीचा अर्ज राहत्या जिल्ह्यातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे करायचा असतो, किंवा जेथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयात. आमचे आधार कर्नाटकाचे, रेशन कार्ड कर्नाटकाचे आणि उपचार महाराष्ट्रातील खासगी दवाखान्यात. त्यामुळे तिकडे "तुमच्या जिल्ह्यात जा" आणि इकडे "मूल तर तिकडे शिकते" अशी दोन्हीकडून बोळवण झाली. राज्य सरकारांच्या योजना त्या त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असतात; कार्ड देशाचे असले तरी लाभ राज्याचा असतो, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट कागदांपलीकडची आहे. मुलगा दीड वर्ष बापाला रविवारीच पाहत होता. परत आल्यावर तीन महिने तो मला पाहुणा समजत असे. मी दारात उभा राहिलो की आतून खुर्ची आणून ठेवी.

नंदगडची_आई

@गडहिंग्लज_ते_संकेश्वर, खुर्चीचे वाचून गलबलले.

ताई, पैशांच्या दोन गोष्टी मघाशी राहिल्या. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंतचे संरक्षण मिळते आणि बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या उपचारांचाही समावेश आहे. नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते. आणि यजमानांच्या पगारातून आयकर कापला जात असेल, जुन्या पद्धतीने विवरण भरत असतील, तर दिव्यांग मुलाच्या खर्चासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० रुपयांची. सासऱ्यांना हा आकडा सांगून पाहा. आमच्या मामंजींचे कपाळाविषयीचे मत त्यानंतर बरेच मवाळ झाले.

गावपातळीवर ग्रामपंचायतीकडे दिव्यांगांसाठी काम करणारा पुनर्वसन कार्यकर्ता असतो, त्याला व्हीआरडब्ल्यू म्हणतात. अर्ज कन्नडमध्ये लिहून द्यायला आणि कोणता कारकून कोणत्या वारी जागेवर असतो हे सांगायला त्याच्याइतका उपयोगी माणूस नाही.

अथणीची_मावशी

माझी भाची तीव्र स्वमग्न आहे आणि ती विशेष शाळेत जाते. या धाग्यात सर्वसाधारण शाळा म्हणजेच चांगले आणि विशेष शाळा म्हणजे हार, असा सूर लागला आहे, तो मला खटकतो. ती पूर्वी नेहमीच्या शाळेत असताना रोज दुपारी कुकरच्या शिट्टीला आणि ताटांच्या खणखणाटाला घाबरून स्वतःच्या हाताला चावत असे. आता तिच्या वर्गात सात मुले आहेत, ती स्वतः शौचाला जाते, स्वतः जेवते. लेखन-वाचन नाही. ते येणार नाही, असेही आम्ही स्वीकारले आहे. प्रत्येक मुलाचे माप वेगळे असते.

निवृत्त_गुरुजी

मावशी, आपले म्हणणे योग्य आहे. माझ्या लेखनातून तसा सूर गेला असेल तर तो माझा दोष समजावा. कुकरच्या शिट्टीची गोष्ट मात्र प्रत्येक शाळेने लिहून ठेवावी. बहुतेक ठिकाणी स्वयंपाकाची खोली वर्गाला चिकटूनच असते.

उचगावकरीण

चार महिन्यांनी परत येत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. सर्वांचे सल्ले यजमानांनी मोबाईलवर न वाचता मला मोठ्याने वाचायला लावले आणि सासरे पलीकडच्या खोलीतून ऐकत होते.

प्रमाणपत्र मिळाले. गुण ११२ आले, म्हणजे मध्यम. लहान वय असल्याने मुदतीचे आहे, पुढे पुन्हा तपासणी आहे. तपासणीच्या दिवशी नंदगडताईंचे ऐकून मी त्याला नेहमीच्या कपड्यांत नेले आणि त्याने डॉक्टरांच्या टेबलावरील शिक्के उंचीप्रमाणे ओळीत लावले. अर्ज कन्नडमध्ये व्हीआरडब्ल्यू दादांनी लिहून दिला. त्यांनी 'स्वलीनते' लिहिले, तरी कार्यालयातील नोंदवहीत 'बुद्धिमांद्य' असेच उतरले जात होते. मी बोट ठेवून थांबवले, नाहीतर आमचेही सात महिने गेले असते. जुन्या शाळेने लेखी काहीच दिले नाही. आम्हीही तो विषय तेथेच सोडला. टिळकवाडीकर रागावतील, पण माझ्याजवळ दोन लढायांचे बळ नव्हते.

गावच्या मराठी शाळेत जूनपासून जातो. पहिल्या भेटीत मी गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे आधी फाटकाविषयी बोलले आणि बाईंचा चेहरा खरोखर सैल झाला.

आता अडचणी. बीआयईआरटी सर आतापर्यंत एकदाच येऊन गेले; चांगले दीड तास बसले, परंतु त्यांच्याकडे शाळा फार आहेत. दूध तो पीत नाही, पेल्यावर साय दिसली की ओरडतो. आणि एक नवीच गोष्ट सुरू झाली आहे. वर्गाच्या उंबऱ्याबाहेर मुलांच्या चपला असतात. त्या सर्व जोडीने, लहान ते मोठी अशा ओळीत लावल्याशिवाय तो आत पाऊल टाकत नाही. बाई पहिले तीन दिवस ओढून आत नेत होत्या, तेव्हा रडारड झाली. मग त्यांनीच ठरवले की नाडगीत (राज्यगीत) संपल्यावर दहा मिनिटे त्याला चपला लावू द्यायच्या आणि प्रत्येक जोडीला आकडा म्हणून घ्यायचा. आता तो तेहेतीसपर्यंत मोठ्याने मोजतो, म्हणजे शाळेत त्याचा आवाज निघाला. पण पोरे ती पोरे. दोन मोठी मुले मुद्दाम मधल्या सुट्टीत चपला विस्कटतात आणि त्याची पुन्हा सुरुवात होते, गणिताचा तास तसाच जातो. काल मात्र तिसरीतल्या एका मुलीने सर्वांच्या आधी येऊन स्वतःची चपल बरोबर जागेवर, तिच्या मापाच्या फटीत ठेवली आणि काही न बोलता आत गेली. त्याने तिच्याकडे पाहिले. चपलेकडे नव्हे, तिच्याकडे.

येत्या गुरुवारी बीआरसीमध्ये पालकांना बोलावले आहे. चपलांचे वेड मोडावे की राहू द्यावे, हे तेथे विचारावे का, आणि बरोबर काय काय न्यावे?

वाचा_आणि_भाषा

मोडू नका, जागा बदला. सकाळी एकदाच लावायच्या, मग वर एक जुने पोते टाकून झाकायच्या. दिसले नाही की विस्कटलेलेही दिसत नाही. पोते टाकण्याचे काम त्या मुलीला आणि त्याला मिळून द्या. साय गाळून दूध अपारदर्शक, झाकणाच्या पेल्यात देऊन पाहा.

नंदगडची_आई

अवश्य विचारा, पण आधी त्या सरांच्या पुढच्या भेटीची तारीख मागा आणि ती शाळेच्या वहीत लिहून घ्या. प्रमाणपत्राच्या तीन झेरॉक्स, चार फोटो, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, कन्नड अर्जाची पोच आणि दहीभाताचा डबा. गुरुवारी संकष्टी असली तर साहेब कार्यालयातून लवकर निघतात, तेव्हा अकराच्या आत पोहोचा.